घरच्या विजेवर मायनर: १४ अँपिअर, चोवीस तास

बाथरूममधला गिझर दोन किलोवॅटचा असतो आणि सकाळी अर्धा तास चालतो. त्याचा १६ अँपिअरचा पॉइंट दहा-दहा वर्षं कुरकुर करत नाही. त्याच पॉइंटवर बिटकॉइन मायनिंगचं मशीन (मायनर, म्हणजे बिटकॉइन मिळवण्यासाठी अखंड गणितं करत राहणारा खास संगणक) लावलं की थोड्याच दिवसांत सॉकेट पिवळट पडायला लागतं, आणि मग पिनेच्या भोकाभोवती तपकिरी कडं दिसतं. वायर तीच, पॉइंट तोच. गिझर बंद झाला की जोड थंड व्हायला साडेतेवीस तास मिळतात, मायनर मात्र जोडाला थंड होऊच देत नाही. घरातलं वायरिंग थांबून थांबून चालणाऱ्या लोडच्या हिशोबाने केलेलं असतं. म्हणून आधी वायरिंग आणि मग मशीनची ऑर्डर, हा क्रम आम्ही सोडत नाही.

पुढचे सगळे आकडे अँटमायनर एस१९ प्रो धरून दिले आहेत, कारण जुन्या बाजारात ते सहज मिळतं आणि घरी आणणाऱ्यांचा हात बहुतेक त्याच्यावरच जातो. ११० टेराहॅश (सेकंदाला ११० लाख कोटी गणिती प्रयत्न), ३२५० वॅट, इनपुट २०० ते २४० व्होल्ट. पॉवर फॅक्टर (वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांचं प्रमाण) जवळजवळ १ असल्यामुळे हिशोब सरळ आहे: ३२५० भागिले २३०, म्हणजे १४.१ अँपिअर. पण हा आकडा २३० व्होल्टचा झाला. मायनरचा पॉवर सप्लाय साध्या हीटरसारखा नसतो. हीटरचं व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो. मायनरला मात्र वॅट ठरलेले लागतात, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की तो करंट वाढवून घेतो. उन्हाळ्यात संध्याकाळी आळीतले सगळे एसी सुरू झाले आणि घरात २०० व्होल्ट येऊ लागले, की हाच १४.१ चा आकडा १६.२५ वर जातो. म्हणजे वायरिंगवर ताण नेमका तेव्हा वाढतो, जेव्हा भिंतही तापलेली असते. हिशोब करताना आम्ही १४ नाही, १६.२५ धरतो.

वायरला हात लावण्याआधी वीजबिल समोर घ्या. त्यात दोन गोष्टी बघायच्या, मंजूर भार आणि दर वर्गवारी. बिलावर मंजूर भार दोन-तीन किलोवॅट असेल आणि तुम्ही त्यावर सव्वातीन किलोवॅटचं मशीन कायम चालवणार असाल, तर आधी भारवाढीचा अर्ज. वर्गवारीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. मंजूर कारण सोडून दुसऱ्या कारणासाठी वीज वापरली, तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. घरगुती कनेक्शनवर उत्पन्नासाठी मशीन चालवायचं असेल तर उपविभागीय कार्यालयात लेखी विचारून, लेखी उत्तर घेऊनच पुढे जा. तोंडी ‘चालतंय की’ हे भरारी पथकासमोर उपयोगाचं नाही.

आता युनिट. ३.२५ किलोवॅट गुणिले २४ म्हणजे दिवसाला ७८ युनिट, तीस दिवसांचे २३४०. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत, म्हणजे पहिल्याच आठवड्यात तुम्ही सगळ्यात वरच्या टप्प्यात. फक्त वीज आकार बघू नका. वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क हे सगळं धरून शेवटच्या युनिटला किती रुपये पडतात ते काढा. घरातला फ्रिज-पंखा खालचे टप्पे आधीच खाऊन बसलेला असतो, त्यामुळे मायनरला सरासरी दर लावणं चूक आहे.

मिळकतीची बाजूही युनिटमध्येच मोजायची. एप्रिल २०२४ च्या हाव्हिंगनंतर (बक्षीस निम्मं होण्यानंतर) एका ब्लॉकला, म्हणजे व्यवहारांच्या एका गठ्ठ्याला, ३.१२५ बिटकॉइन मिळतात, दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे सगळ्या जगात मिळून ४५० बिटकॉइन. सगळ्या जगातल्या मशीनांचं नेटवर्क १००० एक्साहॅशचं (एक एक्साहॅश म्हणजे दहा लाख टेराहॅश) धरलं तर ११० टेराहॅशच्या वाट्याला दिवसाला सुमारे ४९५० सॅटोशी (एक सॅटोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) येतात. त्याला ७८ ने भागा: एका युनिटचे ६३ सॅटोशी. बिटकॉइन एक कोटी रुपयांचा धरला तर हे झाले सव्वासहा रुपये. सगळे आकार धरून वरच्या टप्प्यातलं युनिट याच्या दुपटीहून महाग पडतं. त्यात २०२२ पासून अशा उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, आणि मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च खरेदी-किमतीत धरला जात नाही हे सरकारने त्याच वर्षी संसदेत स्पष्ट केलं आहे. वीजबिल दाखवून कर कमी करण्याची वाट नाही. ज्यांच्याकडे वीज खरोखर स्वस्त आहे, किंवा ज्यांना शिकण्यासाठी मशीन चालवायचं आहे, त्यांनी पुढे वाचावं. फक्त नफ्यासाठी विचार करत असाल तर वहीचं हे पान दोनदा तपासा.

गच्चीवरच्या सोलरबद्दल हटकून विचारणा होते. आपल्याकडे एक किलोवॅट पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटच्या आसपास देतं. ७८ युनिटला एकोणीस-वीस किलोवॅट लागतील. तीन किलोवॅटचा घरगुती सोलर हे मशीन दिवसातले जेमतेम चार तास चालवू शकतो.

एवढं करूनही मशीन आणायचंच ठरलं, तर काम मीटरपासून सुरू होतं. मीटरच्या पाटीवर बहुधा ५-३० अँपिअर लिहिलेलं असतं. १६ अँपिअर मायनरला गेले, तर उरलेल्या १४ मध्ये घरचा एसी, गिझर आणि मिक्सर बसतो का ते बघा. सकाळी सात वाजता गिझर आणि एसी दोन्ही चालू ठेवून क्लॅम्प मीटरने (वायरभोवती लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) मेनचा करंट मोजला की उत्तर मिळतं. जुन्या इमारतीत मीटरपासून घरापर्यंतची मेन वायर अ‍ॅल्युमिनियमची असू शकते. वायरमन मंडळी अजूनही तिला ३/२० किंवा ७/२० म्हणतात, म्हणजे २० गेजच्या तीन किंवा सात तारा. ७/२० साधारण साडेचार चौरस मिलिमीटर भरते. पण अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तांब्यापेक्षा कमी करंट झेपतो, आणि स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियम हळूहळू दबत जाऊन जोड सैल होतो. तिथे मेन बदलल्याशिवाय मायनर लावायचा नाही, यावर आम्ही तडजोड करत नाही.

डीबीपासून (घरातल्या वितरणाच्या डब्यापासून) मायनरपर्यंत स्वतंत्र सर्किट ओढायचं. चालू पॉइंटवरून लूप मारायचा नाही. वायर ४ चौरस मिलिमीटर, तांब्याची, एफआर (आग पसरू न देणारी) किंवा एफआरएलएस (शिवाय धूर कमी करणारी). फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही. २.५ ची वायर १४ अँपिअर नेणार नाही असं नाही, पण तापेल. वीस मीटर अंतराचा हिशोब बघा: जाऊन-येऊन चाळीस मीटर. २.५ च्या वायरचा रोध किलोमीटरला आठ ओहमच्या आसपास, म्हणजे चाळीस मीटरला ०.३२ ओहम, आणि १४ अँपिअरला ६२ वॅट भिंतीतल्या पाइपात रात्रंदिवस उष्णता म्हणून जातात. ४ च्या वायरला तेच ३९ वॅट होतात. वायरच्या किमतीतला फरक बिलातूनच वसूल होतो.

एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) २० अँपिअर, सी कर्व्ह (सुरुवातीचा क्षणिक झटका सोसणारा), डबल पोल (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा). १६ चा का नाही? एमसीबीचं रेटिंग ३० अंश तापमानाला ठरवलेलं असतं. बंद डीबीच्या डब्यात मे महिन्यात पंचेचाळीस-पन्नास अंश होतात, तेव्हा १६ चा एमसीबी १४ च्या आसपासच थकायला लागतो आणि दोन-तीन तासांनी, विनाकारण वाटावं असा, ट्रिप होतो. बी कर्व्हचा एमसीबी सुरुवातीच्या झटक्यालाच पडू शकतो, कारण पॉवर सप्लायचे कपॅसिटर रिकामे असताना क्षणभर खूप करंट ओढतात. आणि सगळ्यात वाईट इलाज आम्ही वारंवार बघतो: एमसीबी पडतो म्हणून ३२ चा बसवलेला, मागे वायर मात्र २.५ चीच. एमसीबी मशीनसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर झेपेल त्याच्या आत एमसीबी, हा नियम उलटा झाला की वायर हाच फ्यूज होतो.

एस१९ ला दोन पॉवर कॉर्ड लागतात, त्यामुळे प्रत्येकीतून साधारण सात अँपिअर जातात. इथे दोन चुका ठरलेल्या. पहिली, घरात पडलेली कॉम्प्युटरची कॉर्ड लावणं. मशीनकडचं टोक तंतोतंत बसतं, पण तिचा पिन-टॉप (सॉकेटमध्ये घालायचा प्लग) ६ अँपिअरचा असतो आणि आतली वायर ०.७५ ची. सात अँपिअर चोवीस तास तिच्यातून गेले की हाताला ती पापडासारखी गरम लागते. कॉर्ड १.५ चौरस मिलिमीटरची आणि १६ अँपिअरच्या टॉपची घ्या. दुसरी चूक, दोन्ही कॉर्ड एका एक्स्टेन्शन बोर्डात आणि तो बोर्ड एका १६ च्या पॉइंटला. मग सगळे १४ अँपिअर परत एकाच पिनेतून जातात आणि दोन कॉर्डचा फायदा मातीत. आम्ही असं करतो: ४ ची वायर मशीनजवळच्या छोट्या डब्यात आणायची, तिथे २० अँपिअरचा डबल पोल एमसीबी बसवायचा. मशीन हाताशी बंद करायला तोच कामाला येतो. त्याच्यापुढे २.५ च्या अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या वेगळ्या वायरी दोन वेगळ्या १६ च्या सॉकेटला. प्रत्येक सॉकेटवर क्षमतेच्या निम्म्याहून कमी लोड येतो. दोन्ही सॉकेट एकाच फेजवर हवीत.

या सगळ्या कामात जिथे खरोखर आग लागते ती जागा नखाएवढी असते. एमसीबीच्या स्क्रूखाली वायर नीट दबली नाही, समजा तिथे ०.१ ओहमचा रोध राहिला. १४ चा वर्ग १९६, गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ वीस वॅट. घरगुती सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचं असतं आणि त्याने शिसं वितळतं. तेवढी उष्णता प्लास्टिकच्या डबीत, एका स्क्रूवर, रात्रभर. आणि यात करंट वाढलेला नसतो. एमसीबीच्या लेखी १४ अँपिअर म्हणजे सगळं ठीक. गळती नसते, म्हणून आरसीसीबीही (जमिनीकडे करंट गळला की पडणारा स्विच) गप्प. सैल जोड ओळखणारं कुठलंच यंत्र डीबीत बसवलेलं नसतं, तिथे माणसानेच बघावं लागतं.

म्हणून जोड करताना घाई नको. वायर दहा-बारा मिलिमीटर सोलायची. कटरने ओढताना दोन-तीन तारा तुटल्या तर ते टोक कापून नव्याने सोलायचं. मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांच्या) वायरला पिन लग (टोकावर चढवायची धातूची पिन) घालून क्रिंपिंग टूलने दाबायचं, पक्कडीने चेपायचं नाही. टर्मिनलमध्ये घालताना प्लास्टिक आत जाता कामा नये. स्क्रू घट्ट लागतो, पण दाबतो प्लास्टिकला, तांब्याला नाही. वरून बघितलं तर काम उत्तम दिसतं, म्हणूनच ही चूक सुटते. टॉर्क स्क्रूड्रायव्हर असेल तर एमसीबीच्या बाजूला छापलेला आकडा वापरा, घरगुती एमसीबीला तो साधारण दोन न्यूटन-मीटर असतो. आवळल्यावर वायर धरून जोरात ओढून बघायची. हलली तर पुन्हा. हे काम लायसन असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या, पण शेजारी उभे राहा आणि प्रत्येक टोक बघा.

अर्थिंग. मायनरच्या पॉवर सप्लायच्या फिल्टरमध्ये फेजपासून बॉडीकडे आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ नीट असेल तर त्यांतून थोडासा करंट जमिनीत जातो, कोणाला कळतही नाही. अर्थ तुटका असेल तर मशीनच्या अ‍ॅल्युमिनियमच्या अंगावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास, येऊन बसतं. हाताचा मागचा भाग हलकेच फिरवला की झिणझिण्या येतात. टेस्टरही मंद पेटतो. अनेक जण ‘थोडा करंट येतोच’ म्हणून सोडून देतात. तो थोडा करंट म्हणजे तुमच्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे काही जोडलेलं नाही, एवढाच अर्थ. लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक, दहा-पंधरा दिसले तर न्यूट्रल किंवा अर्थ कुठेतरी कच्चा आहे.

याच कपॅसिटरमुळे आरसीसीबीचा गोंधळ होतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडला तरी तो नियमात असतो. घरभरच्या एका आरसीसीबीवर फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर यांची थोडी थोडी गळती आधीच जमा असते, त्यात मायनरची भर पडली की पावसाळ्याच्या रात्री सगळं घर अंधारात. मायनरच्या सर्किटला वेगळा ३० मिलिअँपिअरचा, ए टाइपचा आरसीसीबी द्या. आरसीसीबी काढून टाकणं हा उपाय नाही.

आपल्याकडे मशीन मरतात ती बहुतेक वेळा व्होल्टेजने. त्यातही खरा शत्रू कमी व्होल्टेज नाही, न्यूट्रल तुटणं आहे. डीपीवरून येणाऱ्या तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल वाऱ्यात तुटला किंवा जळाला, की ज्या घरात लोड कमी तिथे ३०० ते ४०० व्होल्ट येऊ शकतात. बल्ब भगभगीत पेटतात आणि काही सेकंदांत टीव्ही, सेट-टॉप बॉक्स जातात. २४० व्होल्टच्या मायनरला हे झेपत नाही. डीबीत डीआयएन रेलवर (एमसीबी बसतात त्या पट्टीवर) बसणारा व्होल्टेज प्रोटेक्शन रिले लावा. आम्ही खालची मर्यादा १९५ आणि वरची २५५ च्या आसपास ठेवतो, आणि वीज परत आल्यावर जोडणी तीन ते पाच मिनिटं उशिरा. हा उशीर महत्त्वाचा आहे. वीज आल्या आल्या दोन-तीनदा जा-ये होते, आणि प्रत्येक वेळी मशीन रिकाम्या कपॅसिटरने झटका घेतं. रिले ६३ अँपिअरचा लिहिलेला असला तरी आतल्या संपर्कावर रोज जा-ये होणार असेल तर त्याच्यामागे वेगळा कॉन्टॅक्टर (रिलेच्या इशाऱ्यावर जड लोड जोडणारा-तोडणारा स्विच) दिलेला बरा. ८०० किंवा ९०० व्हीएच्या घरगुती इन्व्हर्टरवर मायनर चालत नाही; इन्व्हर्टरवर फक्त राउटर ठेवा, म्हणजे वीज आल्यावर मशीनला लगेच इंटरनेट मिळतं.

आता पहिली सुरुवात. मशीन न लावता आधी सॉकेटवर व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. दोन्ही कॉर्ड पूर्ण आत बसल्या आहेत हे बघा. अर्धवट बसलेली कॉर्डही वरून पूर्ण बसल्यासारखीच दिसते. मग स्विच. मशीन पूर्ण वेगात यायला काही मिनिटं घेतं. करंट स्थिर झाला की क्लॅम्प मीटर फक्त फेजच्या एकट्या वायरभोवती लावा. फेज-न्यूट्रल एकत्र धरले तर शून्य दिसतं. आणि मग ही मोजणी: डीबीवर व्होल्टेज, लगेच मशीनजवळच्या डब्यात व्होल्टेज. वीस मीटर ४ च्या वायरला १४ अँपिअरवर फरक २.८ व्होल्टच्या आसपास यायला हवा. सहा-सात आला तर मधे कुठेतरी जोड कच्चा आहे, आणि तो आत्ता, जळायच्या आधी सापडला आहे. पूर्ण लोडवरच हे कळतं. बिनलोडला कच्चा जोडही २३० दाखवतो.

पहिला तास जागेवरून हलू नका. दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, तासाने कॉर्डचे टॉप, सॉकेटचा पुढचा भाग आणि एमसीबीचं तोंड बाहेरून हाताने बघा. कोमट चालेल. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर बंद. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर शेजारच्या मोकळ्या एमसीबीशी तुलना करा. एका पोलचा स्क्रू दुसऱ्यापेक्षा दहा-पंधरा अंश गरम दिसला तर तो आवळलेला नाही. मीटरही बोलतो: पाटीवर एका युनिटला ३२०० पल्स लिहिले असतील, तर मायनरच्या एकट्याच्या लोडला लाल दिवा मिनिटाला १७३ वेळा लुकलुकतो. घरातलं बाकी सगळं बंद करून मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मोजा. मशीन प्रत्यक्षात किती ओढतं हे कुठल्याही स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा यातून खरं कळतं.

घेतलेले ३२५० वॅट शेवटी सगळेच्या सगळे उष्णता होऊन खोलीत उतरतात. एका टनाचा एसी ३.५ किलोवॅट उष्णता काढतो, म्हणजे तो एसी फक्त या मशीनमागे पळत राहील आणि स्वतःचा किलोवॅटभर लोड मीटरवर चढवेल. एसीने मायनर थंड करण्याच्या फंदात पडू नका. गरम हवा बाहेर घालवा. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांत दहा अंशांचा फरक चालवून घ्यायचा तर तासाला सुमारे १००० घनमीटर हवा लागते. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर हा आकडा छापलेला असतो. १२ इंची फॅन बघा, आणि तितकीच हवा आत यायला खिडकी मोकळी ठेवा. खिडकी बंद आणि फॅन चालू, यात हवा हलत नाही. आवाज ७५ डेसिबलचा आहे, फ्लॅटमध्ये तो भिंतीपलीकडे जातो.

पावसाळ्यात चालू मशीनला दमटपणाचा फारसा त्रास नाही, ते स्वतःला कोरडं ठेवतं. त्रास बंद मशीनला. दोन दिवस वीज गेली आणि मशीन थंड पडलं की बोर्डावर ओल धरते, साठलेली धूळ ती शोषून घेते आणि वीज आल्यावर तिथेच शॉर्ट होतो. कोकणात त्यात खारा वारा. अशा वेळी रिलेचा स्विच बंद ठेवा आणि ब्लोअरने धूळ काढून, मशीन कोरडं आहे याची खात्री झाल्यावरच सुरू करा. डीबीच्या न वापरलेल्या भोकांना रबरी ग्रोमेट लावा. उबेला पाल आत शिरते आणि फेज-न्यूट्रलच्या मध्ये सापडते. डीबी उघडून बघितलेल्या कुणालाही हे नवीन नाही.

जुनं एस९ घेणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. तिथे २३० ची बाजू सोपी आहे, साधारण १३५० वॅट म्हणजे सहा अँपिअर. पण १२ व्होल्टच्या बाजूला ११० अँपिअर वाहतात. पॉवर सप्लायला सहा पिनांची दहा कनेक्टर असतात: गणितं करणाऱ्या तीन बोर्डांना तीन-तीन आणि कंट्रोल बोर्डाला एक. एका बोर्डाला तीनऐवजी दोन लावले तरी मशीन चालतं, म्हणून लोक तुटलेल्या कनेक्टरवर तसंच ढकलतात. करंट दीडपट झाला की पिनेतली उष्णता सव्वादोन पट होते, आणि आठवड्याभरात कनेक्टरचं काळं प्लास्टिक बोर्डाला चिकटतं. एका बोर्डाला दोन वेगळ्या सप्लायची कनेक्टर कधीही लावू नका. दोघांचं १२ व्होल्ट किंचित वेगळं असतं आणि एक दुसऱ्याला ढकलत राहतो.

ग्राफिक कार्डांचे रिग १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग थांबल्यापासून घरी कमीच दिसतात. कोणी चालवत असेल तर एवढंच: रायझरला (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या पट्टीला) साटा (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवरून वीज देऊ नका. साटाची १२ व्होल्टची क्षमता ५४ वॅट, आणि कार्ड स्लॉटमधून ७५ पर्यंत मागू शकतं.

आमचा घरगुती सल्ला मशीन पूर्ण ताकदीने न चालवण्याचा आहे. ब्रेन्स ओएससारख्या फर्मवेअरमध्ये (मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) पॉवर टार्गेट, म्हणजे मशीनने किती वॅट घ्यायचे ते, ठरवता येतं. २००० वॅट ठेवले तर करंट ८.७ अँपिअरवर येतो. आणि जोडाची उष्णता करंटच्या वर्गाने बदलत असल्यामुळे ती १४ अँपिअरच्या तुलनेत चाळीस टक्क्यांच्या खाली येते. हॅशरेट (सेकंदाला होणारे प्रयत्न) त्या प्रमाणात पडत नाही, त्यामुळे टेराहॅशमागचे वॅटही सुधारतात. पंख्यांचा आवाज उतरतो तो वेगळाच.

आणि ज्यांना मायनिंग समजून घ्यायचं आहे, पूलला (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटाला) जोडणं, ब्लॉकची वाट बघणं, हे सगळं अनुभवायचं आहे, त्यांना डीबीला हात लावायची गरजच नाही. बिटअ‍ॅक्स गॅमासारखं तळहाताएवढं मशीन १८ वॅटच्या आसपास घेतं, महिन्याला तेरा युनिट. त्याला ५ व्होल्टचा, निदान ५ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर लागतो. धोका एकच: राउटरच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरची गोल पिन त्यात तशीच बसू शकते, आणि लावला की बोर्ड गेला. अ‍ॅडाप्टरवर रंगीत टेप गुंडाळून ५ व्होल्ट लिहून ठेवा.

मोठ्या मशीनचं काम पहिल्या दिवशी संपत नाही. तांबं तापतं, प्रसरण पावतं, थंड होतं, आणि स्क्रू पहिल्याच महिन्यात थोडा सैल होतो. तिसाव्या दिवशी मशीन सॉफ्टवेअरमधून थांबवा, मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि डीबीपासून सॉकेटपर्यंत प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळा. बहुतेक वेळा दोन-तीन स्क्रू पाव आटा फिरतात. मग चालू करून परत तीच व्होल्टेजची मोजणी, आणि आकडा पहिल्या दिवसाच्या आकड्याशेजारी, तारखेसह, डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी. त्यातली एक वेळ मे महिन्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी.